आधी डिपर कोणी दिला

ड्रायव्हर लडकूने गाडी चालवता चालवताच डावा पाय उचलून सीटवर मांडीखाली घेतला आणि म्हणाला, "आता बघा, शेठ."

समोरून वाडा गावाकडून भाताच्या पोत्यांचा ट्रक येत होता. त्याचे दिवे वळणावर दिसले मात्र, यांच्या गाडीचा लांब गेलेला झोत कोणी पायाखालच्या दिव्यांच्या बटणाला पाय न लावता खाली बसला. ट्रक निघून गेला आणि झोत आपला आपण पुन्हा वर उठला. लडकूला एवढा आनंद झाला, जणू ही विद्या त्यानेच गाडीला शिकवली होती.

"बरं," बाळाराम म्हणाला.

काचेजवळ डबीएवढा एक डोळा बसवलेला होता. समोर उजेड दिसला की तो दिवे खाली करी, अंधार झाला की वर. मुंबईतल्या कुठल्याशा परदेशी कचेरीने काढून टाकलेली ही जुनी अमेरिकन गाडी बाळारामच्या मुलाने बापाचं मन रमावं म्हणून आणली होती. शेलार गावात तिला वळायला धड जागा नव्हती. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे हौसही नव्हती. गाडी दारात उभी राहिली म्हणून बाळाराम तिच्यात बसू लागला, इतकंच.

शिमग्याच्या आधी त्याची बायको धोंडूबाई गेली. तेव्हापासून त्याचं सगळंच असं चाललं होतं. ताट आलं की जेवायचं, संध्याकाळी भिवंडीतल्या आपल्या कापडाच्या लूमच्या कारखान्यातून निघून घरी यायचं. तो रडला नव्हता. लोक म्हणत, बाळाराम खंबीर आहे. खंबीर कसला! आत काही हलतच नव्हतं. खाटेवर फार वेळ पडलं की हाताला मुंग्या येतात आणि तो हात आपला वाटत नाही, तसा तो अख्खा झाला होता.

लडकूने कान टवकारले. पुढच्या वळणापलीकडे एक ओळखीचा घरघराट ऐकू येत होता. रघूचा ट्रक.

रघू बाळारामचा धाकटा भाऊ. घराला घर लागून, मधे एक भिंत, पण तीन पावसाळे बोलणं बंद. वडिलांच्या सामाईक जमिनीवर बाळारामने लूमची शेड उभारली आणि तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. रघू वाड्याहून गवताच्या गाठी भरून भिवंडीकडे जाई, बाळाराम त्याच वेळी घरी परते, त्यामुळे दिवेलागणीनंतर या रस्त्यावर दोघांची गाठ ठरलेली. या रस्त्याची एक रीत होती. समोरच्यासाठी आधी दिवे खाली करणं, डिपर देणं, म्हणजे आधी रामराम घालणं, आणि ज्याच्याशी वाकडं आहे त्याला आधी रामराम कोण घालणार? जुन्या जीपमध्ये बाळाराम लडकूला बजावत असे, ठेव वर. तिकडे रघूही वरच ठेवी. दोन्ही गाड्या एकमेकांच्या डोळ्यांत झोत ओतत शेजारून जात. एकदा लडकूने जीप भाताच्या खाचरात घातली, पण दिवे खाली केले नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं गाव म्हणे, आणि ते खरंच होतं.

ट्रक वळणावर आला. गाडीचे दिवे मुकाट्याने खाली बसले.

लडकूने घाबरून बाळारामकडे पाहिलं आणि विचारलं, डोळा बंद करायची कळ आहे, करू का? बाळाराम समोर बघत राहिला. त्याला त्याचंही काही वाटलं नाही. रघूचा झोत तोंडावरून सरकत गेला.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं, तिसऱ्याही. मग एकदा, ट्रक अगदी जवळ आल्यावर, त्याचे दिवेही खाली आले.

रविवारी दुपारी रघू दारात उभा राहिला. सून काशी गडबडीने पाणी घेऊन आली. तो बसला, पाण्याचा तांब्या हातात धरून राहिला आणि भिंतीवरच्या धोंडूबाईच्या फोटोकडे बघता बघता लहान पोरासारखा हमसू लागला. धोंडूबाई लग्न होऊन आली तेव्हा रघू चड्डी सावरत हिंडणारा, आईवेगळा पोर होता. त्याला तिनेच न्हाऊ-माखू घातलं होतं. बाळाराम त्याच्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहत होता. आपल्याला हे का येत नाही, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

"मयताचा सांगावा आला न्हाय, दादा," रघू म्हणाला. "भिंतीपलीकडनं रडणं ऐकलं. आंघोळ करून दारात बसलो. कुणी तरी येईल बोलवायला. तिरडी गेली तरी बसून होतो."

सांगावा माणसाने दारात येऊन द्यायचा असतो, घराला घर लागून असलं तरी. न बोलावता जावं तर अपमान, न जावं तर पाप. बाळारामला तो दिवस आठवला. कोणाकोणाला कळवायचं म्हणून चुलत्याने विचारलं, त्याने गावोगावची नावं सांगितली. भिंतीपलीकडच्याला काय कळवायचं, त्याला ऐकू येतंच आहे, असं वाटून तो पुढच्या नावाकडे गेला होता.

"राहिलं," तो म्हणाला. "माझ्याकडनं राहिलं."

रघूने मान हलवली. म्हणाला, तू मोठा असून आधी डिपर दिलास, मग मला घरात बसवेना.

खरं सांगायची हीच वेळ होती. मी दिला नाही रे, गाडीने दिला, एवढं एक वाक्य. बाळारामच्या ते ओठांपर्यंत आलं. पण ते बोललं तर हा तांब्या खाली ठेवून उठेल आणि पुन्हा कधी येणार नाही, हेही त्याला स्वच्छ दिसलं. अनेक महिन्यांत पहिल्यांदा त्याला कशाची तरी भीती वाटली. त्याने काशीला चहा टाकायला सांगितलं.

चहा झाल्यावर रघूने अस्थी कुठे सोडल्या ते विचारलं. वज्रेश्वरीला, तानसा नदीत. मला ती जागा दाखव, रघू म्हणाला. लडकू सुट्टीवर होता, मुलगा मुंबईला. बाळाराम स्वतःच चाकामागे बसला. रघू फाटक लावून येईपर्यंत त्याने हात पुढे केला आणि डोळ्याची कळ फिरवून तो बंद केला.

नदीवर रघू बराच वेळ पाण्यात पाय सोडून बसला. बाळाराम ऊठ म्हणू शकत नव्हता, आणि दिवस तर कलत चालला होता. परतताना आंबाडीच्या पुढे दिवे लावावेच लागले. आता समोरून एसटी आली, ट्रक आला, बैलगाड्यांच्या मागून एखादी मोटारसायकल आली, की बाळाराम पाय चाचपडत बटण शोधी आणि दिवे खाली करी. चुकून राहू नये म्हणून तो फार आधीच करी. त्याच्या पोटरीला गोळा आला होता. असं लक्ष देऊन त्याने शिमग्यापासून काहीच केलं नव्हतं. रघू शेजारी बसून ते बघत होता.

"डोळा बंद कशाला केलास?" त्याने विचारलं.

बाळाराम पुन्हा पायाने बटण चाचपू लागला.

"लडकू वाड्यापातूर सांगत हिंडतोय, आमच्या गाडीला डोळा हाय म्हणून. पह्यल्या दिवशीच कळलं मला."

"मग आलास कशाला?"

रघूने बाजूची काच खाली केली. मग म्हणाला, "वयनी वाटी धाडायची. आपलं बंद झाल्यावरबी. मागच्या दारानं, काशीच्या हातनं. तुझ्या भावानं दिलंय, असं सांगायला लावायची. तू दिलं न्हाय, ते मला ठावं होतं. वयनीलाबी ठावं होतं, मला ठावं हाय ते. तरी मी खायचो. परत धाडली असती तर तिनं कुणाला दाखवायचं तोंड?" त्याने काचेजवळच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "हेबी तसंच घेतलं."

समोरून ट्रकने दिवे लुकलुकवले, तेव्हा बाळारामच्या पायाला बटण सापडलं. तीन पावसाळे आपल्या घरातून, आपल्या नावाने, काही जात होतं, आणि ते आपल्यालाच माहीत नव्हतं.

"काय असायचं वाटीत?"

"कधी बिरडं, कधी कालवण. बोंबलाचं जास्ती. मला आंबट लागतं म्हणून चिंच मुठीनं घालायची."

बाळारामला आंबट सोसत नसे. या दोन-तीन वर्षांत कितीदा त्याने कालवणाची वाटी बाजूला सारली होती, एकदा तर ताटासकट. ती म्हणायची, हात जरा जास्त पडला आज. आणि उरलेल्या दुधात भात कालवून देई. म्हातारपणी बाईचा हात बिघडला, असं तो चारचौघांत हसून सांगत आला होता.

त्याने गाडी कडेला घेतली. पुढे रस्ता त्याला नीट दिसत नव्हता. छातीत काहीतरी हललं होतं आणि ते फार दुखत होतं.

"अजून सांग," बाळाराम म्हणाला.