तातूची चरबी

मुंगीने चावा घेतलेला इरासिल्दाने पाहिला. तिला तो जाणवला नाही. तिच्या डाव्या कोपराखाली नाण्याएवढा फिकट चट्टा होता. त्याच्या मधोमध तांबडी मुंगी थांबली, डोके खाली घालून तिने जबडे रुतवले. इरासिल्दा श्वास रोखून वाट पाहत राहिली. काहीच नाही. दुसरी मुंगी मनगटाला चावली, तेव्हा मात्र हात आपोआप झटकला गेला.

बाही खाली ओढून ती पुढ्यातला तातू खरवडू लागली. उकळत्या पाण्यातून काढलेल्या त्या आर्माडिलोच्या पाठीवरच्या कवचाचे नऊ पट्टे अजून एकमेकांवर सरकत होते. नख्यांत ओढ्याकाठची लाल माती होती.

"वाळवी हुंगण्यात इतका गुंग होता," तिचा नवरा एस्पेदितो निखारे सारखे करत म्हणाला, "कुत्रा पार जवळ गेला तरी पत्ता नाही. मग एकदम उडाला, हातभर उंच!"

"तुझ्यासारखाच," त्याची आई बेनविंदा म्हणाली. "खायला बसलास की घर जळलं तरी कळायचं नाही."

म्हातारी बरणी घेऊन सुनेजवळ आली. "कोपर दे इकडं."

"राहू दे आज, आई."

"राहू दे काय? तातूची चरबी आहे ही. माझे गुडघे हिच्यावरच चालतात."

इरासिल्दाने हात पुढे केला. बोटे फिरताना तिला दिसत होती, एवढेच.

नदीच्या धक्क्यावर आलेल्या आरोग्यसेविकेने पावसाळ्याआधीच सांगितले होते: स्पर्श न कळणारा चट्टा लपवू नका. कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, उशीर केला तर बोटे जातात. तातूच्या रक्तामांसातूनही तो येऊ शकतो. इरासिल्दाने मान डोलावली होती आणि घरी येऊन पुढचा तातू सोलला होता. दवाखान्यात गेले की घरात काय शिजते ते विचारणार; शिकारीला तर बंदी. शिवाय बेनविंदा लहान असताना तिच्या वडिलांना याच आजारासाठी सकाळच्या होडीने दूर रोग्यांच्या वसाहतीत नेले होते. ते परतले नाहीत. या घरात त्या आजाराचे नाव कुणी घेत नसे.

मांस त्याच्याच कवचात शिजले. एस्पेदितोने ते निखाऱ्यांवरून नुसत्या हातांनी उचलले.

"अरे, फडकं घे की!" बेनविंदा ओरडली.

"माझ्या हातांनाच कवच आलंय, आई. बघ!"

म्हातारी हसली. तो रमतगमत मेजापर्यंत आला आणि कवच नीट मधोमध ठेवून त्यावर कसाव्याचे पीठ भुरभुरू लागला. इरासिल्दाची नजर त्याच्या अंगठ्यावर खिळली. कातडी भाजून पांढरी पडली होती, फोडासारखी हळूहळू वर येत होती. तो अजून शिकारीचेच सांगत होता. त्याच अंगठ्याने त्याने पीठ दाबून बसवले.

बेनविंदाचे हसू थांबले. तिने अंगठ्याकडे पाहिले, मग सुनेच्या बाहीकडे. मग उठून चरबीच्या बरणीला झाकण लावले, आणि ते घट्ट बसल्यावरही ती दाबत राहिली.

"काय झालं?" एस्पेदितोने विचारले. "कुणी मेलंय का?"

इरासिल्दाने बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात मेजावर, त्याच्या हाताशेजारी ठेवला.

"उद्या सकाळच्या होडीनं दवाखान्यात जायचं. तू आणि मी. घरात काय शिजतं तेही मी सांगणार." मग ती सासूकडे वळली. "आणि संध्याकाळच्या होडीनं परत येऊ, आई. दोघंही."