चौकटीत चौघेजण

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. लगेच झाकण उघडायला धावू नका, माझ्यात खाण्यासारखे काही नाही. मी यंत्रमानवाच्या पोटात बसणारा डबा. चाकांनी कधी फिरायचे, हाताने कधी उचलायचे, हे मी सांगतो. मुले लाडात आली की मला मेंदू म्हणतात, आणि यंत्र बिघडले की काय म्हणतात ते इथे सांगण्यासारखे नाही. माझा एक कोपरा उडाला आहे आणि हिरवा दिवा अधूनमधून आपल्या मर्जीने लागतो. मला डोळे नाहीत. मला जे कळते ते तारांमधून आणि माणसांच्या बोलण्यातून. तेव्हा पुढचे नीट ऐका, कारण त्यातले निम्मे मला स्वतःलाच अजून उमगलेले नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट एका शाळेच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे यंत्रांचा वर्ग घेणाऱ्या सरांची धाकटी मुलगी त्याच शाळेत शिकत होती. तिला सगळे धाकटीच म्हणत. मला जे काही येते ते तिने शिकवले. लहानपणी झाडावरून पडून तिचा डावा हात मोडला होता. तेव्हापासून तो खांद्याच्या वर जात नसे. पण माझ्या तारा जोडताना ती त्या हाताकडून असे काही नाजूक काम करून घेई, की बाकीच्यांनी नुसते बघत राहावे.

आता स्पर्धेचे नियम सांगतो, त्यावाचून पुढचे कळणार नाही. मैदानाच्या कडेला जमिनीवर पट्टी चिकटवून प्रत्येक संघासाठी एक चौकट आखलेली असते. संघातल्या तिघांनीच तिथे उभे राहायचे. चौथा सापडला की वीस गुण गेलेच. शिटी वाजली की पहिले पंधरा सेकंद यंत्राने स्वतःच्या अकलेने चालायचे. तेवढा वेळ रिमोट टेबलावर आणि सगळ्यांचे हात वर, म्हणजे कुणी चोरून बटण दाबलेले नाही हे पंचांना दिसते. धाकटीचा हात अर्ध्यावरच राही. दर सामन्याला पंच तिच्यावर ओरडत आणि दर सामन्याला सर लांबून धावत येऊन त्यांची समजूत घालत.

आणखी एक नियम मला फार आवडतो. सामन्याआधी चिठ्ठ्या टाकून दोन-दोन संघांची जोडी लावतात. सकाळी ज्यांच्याशी तावातावाने लढलो, दुपारी त्यांच्याच खांद्याला खांदा लावून खेळायचे. म्हणून धाकटीने मला दोन सवयी लावल्या होत्या. शिटी झाली की जागच्या जागी एक गिरकी घ्यायची, दोन्ही चाके धड आहेत ना ते बघायला. मग थांबायचे आणि जोडीदाराला पुढे जाऊ द्यायचे.

“आधी त्यांना जाऊ दे रे,” ती माझ्यावर वाकून म्हणायची.

एका हिवाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली. मला ते कुणी सांगितले नाही. मी कपाटात होतो. बाहेर खूप माणसे हळू आवाजात बोलत होती आणि तिचा आवाज त्यांत नव्हता, एवढे मला कळले. फार वाईट वाटले.

पुढे नवे डबे आले. सर मात्र दर वर्षी मला बॅगेत घालून स्पर्धेला नेत. चार्ज करून, पुसून. माझ्यावाचून कुणाचे अडत नव्हते, तरी नेत.

मित्रांनो, या स्पर्धेत एक नियम कुठेच लिहिलेला नाही, पण सगळे तो पाळतात. कुणी वस्तू मागितली तर नाही म्हणायचे नाही, मागणारा पुढच्या सामन्यात आपल्याशीच लढणार असला तरी. त्या वर्षी उपांत्य सामन्याच्या तोंडावर एका संघाचा डबा जळाला. संघ तिघांचा. कप्तान म्हणून एक मुलगी, यंत्राला आज्ञा लिहून देणारा मुलगा, ज्याला सगळे चष्मा म्हणत, आणि हातातला पान्हा झोपेतही न सोडणारी म्हणून जिचे नावच पान्हा पडले होते ती. कप्तानाचे हे शेवटचे वर्ष होते, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. त्यांचा संघ कधीही अंतिम फेरीला गेला नव्हता. माईकवरून डबा मागितला गेला तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

समोर लढायचे होते ते सरांच्याच संघाशी. सरांनी मला बॅगेतून काढले आणि तिच्या हातात ठेवले.

“चालतो हा. माझ्या मुलीचा आहे,” एवढेच म्हणाले.

चष्म्याने मला पाटीसारखे पुसले. धाकटीची गिरकी गेली, थांबणे गेले. आत नुसते रिकामे घर उरले. मग त्याने नव्या आज्ञा भरल्या. सरळ जायचे, ठोकळा उचलायचा, टोपलीत टाकायचा.

शिटी वाजली. रिमोट टेबलावर, हात वर. रिमोटकडून मला एकही इशारा आला नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. मी चाकांना म्हणालो, सरळ. चाकांनी गिरकी घेतली.

मी पुन्हा म्हणालो, सरळ. चाके थांबली. मैदानात त्या वेळी कुणालाही पाऊल टाकता येत नाही. तरीही माझ्यावर कुणीतरी वाकले आहे असे मला वाटले, आणि माझ्या सगळ्या तारा गार पडल्या. शेजारून आमच्या जोडीदाराचे यंत्र पुढे गेले आणि मधल्या चौथऱ्याच्या चढणीच्या कडेला अडकून घरघरू लागले. तेव्हा माझी चाके हलली. हळूच त्याच्या मागे गेली आणि त्याला ढकलत वर घेऊन गेली. दोन्ही यंत्रे चौथऱ्यावर. त्याचे गुण भरघोस असतात.

सामना संपला तेव्हा कप्तानाची बाजू दहा गुणांनी पुढे होती. पान्हा नाचत होती. तेवढ्यात पंचबाई आल्या. या बाईंची मोजणी कधी चुकत नाही असा त्यांचा लौकिक होता.

“तुमच्या चौकटीत चौथी कुणीतरी होती,” त्या म्हणाल्या. “वीस गुण कापते आहे.”

तिघेही एकदम बोलू लागले. बाई ढिम्म. “मी डोकी नाही, हात मोजते. सात हात पूर्ण वर होते. आठवा अर्ध्यावर होता, म्हणून तर माझं लक्ष गेलं. डावा हात.”

हस्तांदोलन करायला आलेले सर तिथेच थबकले. मग त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि बसता बसता ते पुटपुटले, “धाकटीचा हात तसाच राही.”

चष्मा चिडला होता. तो म्हणाला, तक्रार करू, चित्रफीत मागू. चित्रफितीत तिघेच दिसतील आणि गुण परत मिळतील. त्याचे म्हणणे खरे होते. पण तक्रार फक्त कप्तानाला करता येते, आणि ती केली की चित्रफीत भल्यामोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर दाखवतात. कप्तान काय बघत होती ते मला कसे कळणार? पण सर समोरच बसले होते, आणि त्यांचा श्वास मला इथपर्यंत ऐकू येत होता.

“नको,” ती म्हणाली. “बाईंनी बरोबर मोजलंय. चौघंजण होतो आम्ही.”

ते हरले. पान्ह्याने पहिल्यांदाच हातातला पान्हा खाली टाकला. चष्मा तासभर कप्तानाशी बोलला नाही, आणि मग तिच्याशेजारी येऊन बसला.

संध्याकाळी कप्तान मला परत द्यायला आली. पुसून, चार्ज करून, दोन्ही हातांत धरून. सरांनी मला घेतले, पण बॅगेत ठेवले नाही.

“कुठं उभी होती?” त्यांनी विचारले.

“माझ्या डावीकडे,” कप्तान म्हणाली. “मला दिसली नाही, सर. पण मी सगळा वेळ जरा सरकून उभी होते. का ते माहीत नाही.”

सर रडले. तिनेही नाक ओढले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. उसनी आणलेली वस्तू तिच्या माणसासकट आपल्याकडे येते, तेव्हा ती जपून वापरा आणि जपून परत करा. जुनी झाली म्हणून कपाटात मागे ढकलू नका. तिथे फार अंधार असतो, आणि मी तिथे पुष्कळ राहिलो आहे.

आता सर मला त्यांच्याच संघाच्या यंत्रात बसवतात. नियम तिघांचा आहे, पण चौकटीत ते दोघांनाच पाठवतात. डावीकडची जागा मोकळी असते. पंचबाई येतात, हात मोजतात. अर्ध्यावरच्या हातासाठी त्या कधी ओरडत नाहीत. “तिघं. ठीक आहे,” म्हणतात आणि शिटी वाजवतात. मग मी चाकांना सरळ म्हणतो, आणि वाट बघतो.