दोन टोप

त्याचा टोप

चुलीवर भिकूचा टोप, मागे वैलावर चंद्रभागेचा. माणसं दोन आणि भातही दोन तऱ्हेचा. कापडे गावात कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. हसलेच.

झालं होतं असं, की महाडच्या डॉक्टरीणबाईंनी भिकूच्या पायाची जखम पाहिली, साखर किती वाढलीय ते पाहिलं आणि म्हणाल्या, "पांढरा भात बंद. ब्राऊन राईस चालेल, तोही थोडाच." ब्राऊन राईस म्हणजे कसला, ते चंद्रभागेने बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन पाहिलं. चकचकीत पाकीट, आत तांबूस दाणे. पाकीट उलटं करून तिने किंमत वाचली आणि ते होतं तिथे अलगद ठेवलं, जसं काही काचेचं होतं.

"अहो, हा तर आपलाच," एसटीत बसल्यावर ती म्हणाली. "कोंडा न काढलेला. आमच्या माहेरी उखळात सडायचे तो. घरात भाताची पोती हायत नि दुकानातून कशाला घ्यायचा?"

गिरणीवाल्या कुशाबाला ते पटेना.

"पालिश नको? मग वहिनी, गिरणीत कशाला आलात? दातांनी सोला की!"

"तूस काढ नि दे. कोंड्याला हात लावू नको."

"बरं. पण सगळं नका भरडू. लागेल तसं आणत जा."

लागेल तसं आणत जा, म्हणजे दर खेपेला ह्याचं गिऱ्हाईक! पावसाळ्याची बेगमी वैशाखात एकदाच करायची, हे ती लग्न होऊन आल्यापासून करत होती. चिखलातून पोती कोण वाहणार? तिने सगळं भरडून घेतलं. पत्र्याच्या डब्यात तांदूळ, त्यात कडुनिंबाचा पाला, वर झाकण दाबून बसवलेलं. झाकणावर हात ठेवून ती थोडी उभी राहिली. आता आपला माणूस सुटला, असं तिला वाटलं.

तिचा टोप

रेशनचा तांदूळ. पांढरा, फुकटातला, कधी खडे, कधी नुसती कणी. टाकायचा कसा? तो ती खायची. शेतातला चांगला त्याला, रेशनचा आपल्याला. त्या तांबड्यातला एक दाणा तिने कधी तोंडात टाकला नाही. औषध होतं ते त्याचं. औषधात कुणी वाटा मागतं का?

"तू सरकारची लाडकी," भिकू म्हणायचा, "नि मी डॉक्टरचा दोडका."

"गप जेवा."

त्याचा टोप

इथे नाकाचं सांगायला हवं. करोनात चंद्रभागेचा वास गेला तो परत आलाच नाही. दूध करपलं तरी तिला डोळ्यांनीच कळायचं. "बरं हाय," भिकू चिडवायचा, "माझ्या विडीचा पत्ता लागत नाय तुला."

आषाढ लागला. भिंतींना ओल, मिठाला पाणी. भिकू सार जास्त मागू लागला. कोकमाचं सार, वाटीवर वाटी, भात दिसेनासा होईपर्यंत. वर मीठ. वर लोणचं.

"मीठ कमी सांगितलंय तुमाला."

"वाढ गो."

घास केवढाले करायचा आणि चावल्याबिगर गिळायचा.

"चावून खा! ढोरं बरी, रवंथ तरी करतात."

तो हसायचा. ताटात एक शीत ठेवायचा नाही. ते स्वच्छ ताट धुताना चंद्रभागेला बरं वाटायचं.

"भात बरा लागतो ना?"

"लागतो की. तू केलास ना."

तिचा टोप

एकदाच. श्रावणातली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस. भिकूने तिच्या ताटाकडे हात पुढे केला.

"एक घास दे गो. तोंड बदलायला."

चंद्रभागेने ताट ओढून घेतलं.

"लाज नाय वाटत? पायाचं बोट कापतील तवा कळेल."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो आपल्या ताटात घातला.

"सार वाढ," तो म्हणाला.

टोप पालथे

एका सकाळी भिकू गोठ्यातून आला, ओट्यावर बसला आणि कडेला कलला. पोलादपूरला नेईपर्यंत सगळं आटपलं होतं. हृदय, असं म्हणाले.

पायाची जखम भरत आली होती. भेटायला येईल त्याला चंद्रभागा तेच सांगत राहिली. पाय भरत आला होता हो. पथ्य पाळत होते हो.

घरात चूल पेटत नव्हती. शेजारपाजारचे डबे येत होते. दोन्ही टोप फळीवर पालथे.

एकच टोप

तेरावं झालं. मुलगा अक्षय आणि सून सारिका तिला मुंबईला घेऊन जाणार होते. घर बंद राहणार म्हणून सारिका दाणागोटा आवरू लागली. पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि तिने ओढणी नाकाला लावली.

"आई, हा कसला तांदूळ?"

"तुझ्या सासऱ्यांचा. बिनपालिशचा."

"खवट झालाय हो. कधीचाच झाला असणार. कोंड्यात तेल असतं ना, टिकत नाही हा. आम्ही थोडा थोडा आणतो, तोसुद्धा मी फ्रीजमध्ये ठेवते." मग तिने चंद्रभागेकडे पाहिलं. "बाबा हा खात होते?"

चंद्रभागेने डब्यात हात घातला, मूठभर तांदूळ नाकाशी नेला. काही नाही. मुठीत खडे असते तरी नाकाला तेवढंच कळलं असतं.

तिने फळीवरून भिकूचा टोप काढला, सुलटा केला.

"आई, टाकून दे ना तो तांदूळ," अक्षय म्हणाला.

"शिजू दे."

सारिकाने आपल्या दोघांपुरता रेशनचा भात कुकरला लावला. तिघं जेवायला बसली.

पहिला घास. वास नव्हता, पण जीभ होती. कडवटपणा लगेच आला नाही. मागून आला, घशाजवळून, आणि ती चावत गेली तसा वाढत गेला. चावावं तेवढा जास्त.

तिने चावणं थांबवलं. घास गिळला.

"का नाय बोललात?" ती ताटाकडे बघून म्हणाली.

"आई, बास. हा घे." अक्षयने आपल्या ताटातला पांढरा घास उचलून तिच्यापुढे धरला.

चंद्रभागेने ताट ओढून घेतलं. अक्षयचा हात तसाच राहिला.

"सार वाढ गो," ती सारिकाला म्हणाली.

सारिकाने वाटीभर वाढलं.

"आणखी."

भात दिसेनासा झाला. तिने मोठा घास केला.