घरात इंग्रजीच

स्टेफनीला सातवीसाठी भाईंदरच्या मोठ्या शाळेत घालायचं, तर परीक्षा आणि मुलाखत दोन्ही इंग्रजीत. म्हणून आयरिनने फर्मानच काढलं: तोवर घरात मराठी बोलायचं नाही. चौक गावात शेजारणी हसल्या, पण ती बधली नाही.

तिच्या नवऱ्याने, मायकेलने, चौथीतच शाळा सोडून होडी धरलेली. पूर्वी तो जेवताना लेकीला समुद्रावरच्या गमती सांगायचा. आता मुकाट्याने जेवून उठायचा. दमला असेल, असं आयरिनला वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने शेवटचा सराव घेतला. मायकेल दारात जाळं शिवत बसला होता.

"तुझ्या वडिलांबद्दल सांग," तिने इंग्रजीत विचारलं.

"माझे वडील मच्छीमार आहेत," स्टेफनी घडाघडा इंग्रजीत म्हणाली. "ते फार शांत आहेत. ते आमच्याशी बोलत नाहीत."

मायकेलला त्यातलं 'फिशरमन' तेवढं समजलं. पण पोरगी कुठे अडखळली नाही, हे पाहून त्याचा चेहरा उजळला. त्याने हातातली सुई थांबवली.

"बरोबर हाय ना गो?"

आयरिनने पुस्तक मिटलं. तिला त्याच्याकडे बघवेना.

"हाय," ती म्हणाली. "बरोबर हाय."