छडीचा कोट

उद्यासाठी शिवलेला ताईचा नवा कोट धाकटीने अंगात चढवला, बटणं लावली आणि आरशात बघून ती खदाखदा हसत सुटली.

"बाबा, तुमचा हात चुकला! बघा तरी, एक खांदा आभाळात आणि एक पाताळात."

शिलाई मशीनवरचा पाय थांबला. बाबांचा हात चुकला म्हणणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्मायचा होता.

"काढ तो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या मापाचं घालू नये."

ताईला सगळे छडी म्हणत, छडीसारखी सरळ म्हणून. नाव बाबांनीच पाडलेलं. गिऱ्हाईक आलं की तिला दुकानात उभी करून ते सांगत, "कापड कसं बसावं ते हिच्या अंगावर बघा." शाळेच्या गणवेशापासून आजवर तिने विकतचा कपडा घातला नव्हता; शिंप्याच्या पोरीने तो घालणं म्हणजे बापाचं नाक कापणंच. पिशवी डाव्या खांद्यावरून सारखी घसरे, तर तिला वाटे, पट्टाच सैल आहे. पाठ दुखते म्हटलं की बाबा लाकडी पट्टी मणक्यावर टेकवत.

"पोक काढून बसल्यावर दुखणार नाही तर काय होईल? ताठ बस."

ती ताठ बसे. पोलीस भरतीची धाव तिने पाठीला फडकं आवळून पार केली होती. आता उद्याची डॉक्टरी तपासणी तेवढी राहिली होती, आणि त्या नोकरीवर तिचा सगळा जीव टांगलेला होता.

ताईने धाकटीच्या हातून कोट घेऊन टेबलावर उलटा टाकला आणि कात्रीच्या टोकाने अस्तर उसवलं. डाव्या खांद्यातून कापसाची जाड गादी निघाली. उजव्यात काहीच नव्हतं. पेटीच्या तळाशी तिचा शाळेचा सदरा होता, तोही तिने उसवला. त्यातली गादी पातळ होती, पण होती.

"तुम्हाला माहीत होतं."

बाबा सुईत दोरा ओवू लागले. तो नेढ्यात जाईना.

"तू शाळेत असताना डॉक्टरला विचारलं होतं मी. मणका वाकतोय म्हणाला. पट्टा बांधणार होता तो, कमरेपासून पार हनुवटीपर्यंत. वाढ संपेपर्यंत तसंच फिरायचं. लोकांनी नावं ठेवली असती."

"मी सरळ झाले असते?"

"मी कुणाला कळू दिलं का? तुला तरी कळू दिलं का?"

आवाजात अजूनही कारागिराची ऐट होती. त्यांचा गळा धरावा असं तिला वाटलं. तिने अंगातल्या कुर्त्याची गादी खसकन ओढून काढली आणि ती आरशासमोर जाऊन उभी राहिली. डावा खांदा खाली बसला. धाकटीने तोंडावर हात धरला.

"सरळ उभी राहा," बाबा सवयीने म्हणाले.

"उभीच आहे."

त्यांनी मान खाली घातली. दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं केलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"उद्या तिथे कपडे काढायला लावतात का गं?"