टेकडीवरच्या डब्याची बाधा

तिच्याच गच्चीवर अर्धी वसाहत लोटली होती आणि तिला मात्र जिन्याच्या तोंडाशी उभं केलं होतं. शिवणकाम करून पोट भरणारी एकटी विधवा. हाताला अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. गच्चीच्या मध्यभागी स्पंदनमहाराज तांब्याचा पिरॅमिड मांडून बसले होते.

"घंटा!" महाराज गरजले. शिष्याने ती बडवली. "विश्वलहरी निर्मळ होवोत!"

शिष्याने पलीकडच्या उतारावरच्या औषधवाल्याला व्हिडिओ फोन लावला. गेले सहा महिने संध्याकाळी जिथे साधं 'हॅलो' पोचत नव्हतं, तिथे औषधवाल्याच्या मिशीचा केसन् केस दिसू लागला. गर्दीने हात जोडले.

वसाहतीने स्वतःचं बिनतारी जाळं उभारलं होतं. घरोघरी गच्चीवर एकेक डबा, एकाने दुसऱ्याला निरोप पोचवायचा, मालक कुणीच नाही. टेकडीचे दोन्ही उतार जोडणारा डबा नेमका या गच्चीवर होता. निरोप इथेच अडकतात, एवढंच खरं होतं. उरलेला मालमसाला महाराजांचा.

"जिथे नवरा टिकला नाही, तिथे लहरी कशा टिकतील?" महाराज म्हणाले. "ही बाई इथून हलली की बाधा गेली!"

वसाहतीचे अध्यक्ष लगेच म्हणाले, "बाई, उद्या खोली रिकामी करा."

त्या विधवेची वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली.

"महाराज, घंटा न वाजवता करून दाखवा."

"मुली, संशयाने लहरी मळतात."

"मग मी खाली जाऊन थांबते. घंटा तेवढी वाजवू नका."

कुणीतरी फिदीकन हसलं. महाराजांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. घंटा ऐकली की दोन्ही उतारांवरच्या घरांनी थोडा वेळ फोन बंद करायचे, असा त्यांचा हुकूम होता. आता दुसरी घंटा झाली नाही, म्हणून थोड्या वेळाने घरोघरचे फोन पुन्हा सुरू झाले आणि पडद्यावरचा औषधवाला आ वासलेला तसाच गोठला. वहिनीने पिरॅमिड उचलून बाजूला ठेवला, नणंदेच्या स्वयंपाकघरातून कुकरचं झाकण आणून त्या जागी मांडलं आणि स्वतः घंटा वाजवली. मिशी पुन्हा लख्ख!

"घ्या, वन्संचं झाकणही सिद्धपुरुष निघालं," ती म्हणाली. "अध्यक्ष, तुम्ही या पाण्याच्या टाकीच्या अलीकडे जा. न्हावीदादा, तुम्ही पलीकडे. दोघंही एकदमच आपापला पत्ता सांगा. वन्सं, तुम्ही मध्ये उभ्या राहा."

दोघं ओरडले.

"काय कळलं, वन्सं?"

"काही नाही. नुसता कालवा."

"हीच ती बाधा! प्रत्येक डबा बोलण्याआधी कानोसा घेतो. पण मध्ये टेकडी असल्यामुळे या उताराला त्या उताराचं ऐकूच येत नाही. दोघांनाही वाटतं, सगळं शांत आहे. मग दोघं एकदम बोलतात आणि निरोप इथे एकमेकांवर आदळतात. पोचला नाही म्हणून तोच निरोप पुन्हा पाठवतात, की निरोपांची गर्दी आणखी वाढते. मधल्या डब्याने पाळी लावून द्यायची, आता तू बोल, मग तू. ती सोय डब्यातच आहे, चालू कुणी केली नाही."

महाराज पिरॅमिड झोळीत कोंबून पायऱ्या उतरू लागले. अध्यक्ष ओशाळं हसले. "वहिनी, गैरसमज झाला. सोडून द्या."

"गैरसमज डब्याबद्दल झाला. हिला बेघर करायचं मात्र तुम्ही सगळ्यांनी समजून उमजून ठरवलंत."

 नणंद जिन्यातून पुढे आली. "मी इथेच राहणार," ती म्हणाली.

लोकहो, जाळं बिघडलं तर जाळं तपासा. बुवा यंत्राला हात लावत नाही, कारण त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो गर्दीवरून नजर फिरवतो आणि ज्याच्या बाजूने कुणी बोलणार नाही असं माणूस हेरतो. त्या वेळी एक जण जरी "थांबा, आधी कारण शोधू" म्हणाला, तरी त्याचा धंदा बसतो. तो एक जण तुम्ही व्हा.