अंबूने धरला तसा गुच्छ

मी एक जुना सॅटिनचा गुच्छ आहे. मित्रांनो, माझ्या गुलाबांना वास कधीच नव्हता आणि आता रंगही उरलेला नाही. पण एके काळी शाहूपुरीतल्या एका फोटो स्टुडिओत माझा काय तोरा होता!

फोटोग्राफर गणपतरावांनी मला स्वतः बनवले. तारा वळवल्या, पाकळ्या शिवल्या, देठांना चांदीचा कागद गुंडाळला. नवरी आली की मला तिच्या हाती देऊन ते बजावत, "कमरेच्या जरा वर धरा. चुडा दिसला पायजे. आणि बोटं सैल सोडा की, लाटणं धरलंय व्हय?" नवऱ्या हसत आणि तेवढ्यात फोटो निघे.

१९६२ साली इचलकरंजीची अंबू नवरी होऊन आली. माहेरी मागासाठी सुताच्या कांड्या भरताना यंत्राच्या पट्ट्यात सापडून तिच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. सासू झुंबरबाईंनी मला त्या हातावर दाबले.

"झाक त्यो हात. फोटू जलमभर भिताडावर ऱ्हातोय."

अंबूने मला आडवे धरले, हात माझ्यामागे सारला आणि मान खाली घातली. तिचा तळवा घामाने भिजला होता. माझ्या कागदावर तो डाग अजून आहे.

फोटो इतका देखणा आला, की गणपतरावांनी तो दर्शनी काचेत लावला. मग येईल ती नवरी म्हणू लागली, "मला असाच गुच्छ धरायचाय." धडधाकट दहा बोटांच्या पोरी हात लपवून उभ्या राहू लागल्या. सगळे माझी वाहवा करत आणि मी मूर्खासारखा फुगत असे. खरे तर मला लाज वाटायला हवी होती.

एकवीस वर्षांनी अंबूबाई नव्या नवरीला, आपल्या लेकीला घेऊन आल्या. लेकीचे नाव मीना. सोबत मीनाची सासू होती, तिला सगळे अक्का म्हणत. अंबूबाईंचा उजवा हात सवयीने पदराखाली होता. लेकीशेजारी उभे राहून एक फोटो काढायचा, एवढीच त्यांची हौस होती.

मीनाने काचेतल्या जुन्या फोटोतल्या आईसारखेच मला आडवे धरले. अंबूबाईंना ते बघवेना. त्या पुढे झाल्या आणि लेकीचा हात माझ्यामागून बाहेर काढू लागल्या. "तुझी बोटं चांगली हाईत की गं. दिसू दे."

दिव्याच्या झोतात त्यांचा स्वतःचा हात उघडा पडला. अक्कांनी तोंडाला पदर लावला.

"अगं बया! इहीनबाई, तुमी नगा उभ्या राहू. पावण्यांस्नी दावायचा हाय फोटू."

अंबूबाईंनी लेकीकडे पाहिले. त्यांना वाटले, आता ही सासूला काहीतरी बोलेल. मलाही वाटले.

"आई, व्हय की बाजूला," मीना म्हणाली आणि तिने हात पुन्हा माझ्यामागे सारला.

अंबूबाई भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. हात पदराखाली गेला.

आज मी माळ्यावर आहे. उंदीर कुरतडतात, त्याचे मला काही वाटत नाही. मित्रांनो, गुच्छ कसाही धरा, उभा धरा, आडवा धरा. पण माझ्या आडोशाने कुणाचा हात लपवायला लावू नका, निदान आईचा तरी.

मीनाचा फोटो फार सुंदर आला. त्यात मी आहे. अंबूबाई नाहीत.